रॉक क्रॉलरची बांधणी

रॉक क्रॉलर म्हणजे मोठाल्या शिळा, खडकांचे ढीग आणि कातळातील उंच पायऱ्या अत्यंत मंद गतीने चढण्या-उतरण्यासाठी सिद्ध केलेले फोर-व्हील ड्राइव्ह वाहन होय. या छंदास व क्रीडाप्रकारास रॉक क्रॉलिंग असे म्हणतात. येथे वेगाला महत्त्व नसते. चाकाची पकड न सुटता आणि वाहन न उलटता अडथळा पार होणे हेच उद्दिष्ट असते. असे वाहन दोन मार्गांनी मिळवता येते. पहिल्या मार्गात कारखान्यातून बाहेर पडलेल्या पिकअपसारख्या वाहनात टप्प्याटप्प्याने फेरबदल केले जातात. दुसऱ्या मार्गात पोलादी नळ्यांचा सांगाडा वेल्डिंगने जोडून केवळ खडकांसाठी नवे वाहन उभारले जाते. त्यास बग्गी असे संबोधले जाते. कोणता मार्ग अधिक योग्य, याचे उत्तर अडथळ्याच्या अवघडपणापेक्षा एका साध्या गोष्टीवर अधिक अवलंबून असते: ते वाहन खडकांपर्यंत आणि तेथून घरापर्यंत स्वतःच्या चाकांवर जाणार आहे की ट्रेलरवर चढून.

पार्श्वभूमी

रॉक क्रॉलिंगचा उगम व विकास प्रामुख्याने अमेरिकेच्या पश्चिम भागात झाला. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातून लेक ताहोकडे जाणारी सुमारे ३५ किलोमीटर लांबीची रुबिकॉन ट्रेल ही या छंदाची सर्वांत प्रसिद्ध वाट आहे. जॉर्जटाउन येथून निघणारी ‘जीपर्स जम्बोरी’ ही सामूहिक सहल १९५३ साली तेथे प्रथम झाली. युटा राज्यातील मोआब येथे १९६७ पासून ‘ईस्टर जीप सफारी’ भरते. तेथील वालुकाश्म खरखरीत असल्यामुळे टायरला उत्तम पकड मिळते आणि त्यामुळे अतिशय तीव्र उतारही चढता येतात.

आरंभीच्या काळात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जीप हेच मुख्य वाहन होते. १९७९ साली टोयोटाने अमेरिकेत फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप विक्रीस आणला. इतर देशांत हे वाहन हायलक्स या नावाने ओळखले जाते. स्वस्त, हलका व टिकाऊ असल्याने तो लवकरच या छंदात रूढ झाला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस रॉक क्रॉलिंगच्या संघटित स्पर्धा सुरू झाल्या आणि नळ्यांच्या सांगाड्याच्या बग्गींना वेग आला. २००७ साली कॅलिफोर्नियातील जॉन्सन व्हॅली येथे ‘किंग ऑफ द हॅमर्स’ ही शर्यत सुरू झाली. तिच्यात मोकळ्या वाळवंटातील भरधाव धाव आणि खडकांवरील चढाई एकाच वाहनाने पार करावी लागते.

पिकअपची मूळ घडण

पिकअप हे मालवाहू वाहन आहे. त्याचे गुण आणि दोष दोन्ही याच वस्तुस्थितीतून येतात. शरीर व सांगाडा वेगळे असल्यामुळे सांगाड्याला हात न लावता शरीर कापता, उचलता किंवा बदलता येते. सांगाडा भार वाहण्यासाठीच बनलेला असतो. सुटे भाग भंगारातही सहज सापडतात.

दोषांपैकी पहिला व्हीलबेसचा, म्हणजे पुढील व मागील चाकांमधील अंतराचा. हे अंतर जितके जास्त, तितके वाहनाचे पोट उंचवट्यावर लवकर टेकते. पोट न टेकता वाहन ज्या कोनाचा उंचवटा ओलांडू शकते तो कोन ढोबळमानाने दोन गोष्टींवरून काढता येतो: पोटाची जमिनीपासूनची उंची आणि व्हीलबेसचे निम्मे अंतर. पोटाची उंची २५ सेंटिमीटर धरल्यास २६० सेंटिमीटर व्हीलबेसच्या वाहनात हा कोन सुमारे २२ अंश येतो; ३१० सेंटिमीटर व्हीलबेसमध्ये तो १८ अंशांवर उतरतो. तेवढाच कोन परत मिळवायचा तर लांब वाहनाचे पोट आणखी पाच सेंटिमीटर उचलावे लागते. जुन्या टोयोटा पिकअपच्या आखूड प्रकाराचा व्हीलबेस सुमारे २६० सेंटिमीटर होता, तर आज भारतात विकल्या जाणाऱ्या हायलक्सचा ३०८.५ सेंटिमीटर आहे. खडकांवर जुन्याच पिकअपना मागणी का, याचे एक कारण या आकड्यांत सापडते.

एकाच कंपनीच्या दोन वाहनांच्या तुलनेतून हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. जीप रँग्लर रुबिकॉन आणि जीप ग्लॅडिएटर रुबिकॉन या दोहोंचे ॲक्सल, ट्रान्स्फर केस आणि टायरचा आकार जवळपास सारखे आहेत. दुसरी गाडी पिकअप आहे एवढाच मुख्य फरक. दोन दारांच्या रँग्लरचा मधला कोन सुमारे २८ अंश, तर ग्लॅडिएटरचा सुमारे २० अंश आहे. मागील बाजूचा कोन रँग्लरमध्ये ३७ अंश, तर ग्लॅडिएटरमध्ये २६ अंशांच्या आसपास आहे. मागील कोनातील ही घट मागच्या चाकांच्या पलीकडे बाहेर आलेल्या हौद्यामुळे होते. शिळेवरून उतरताना हौद्याचा मागील काठ प्रथम आपटतो. म्हणूनच खडकांवर जाणाऱ्या पिकअपचा हौदा मागून आखूड करणे हा फार जुना प्रघात आहे.

लांब व्हीलबेस सर्वस्वी वाईट मात्र नसतो. तीव्र चढावर आखूड वाहन मागे कोलमडण्याचा धोका अधिक असतो आणि उंच पायरी चढताना ते घोड्यासारखे उभे राहू पाहते. त्यामुळे स्पर्धेतील बग्गींचा व्हीलबेसही जुन्या जीपपेक्षा लांब ठेवला जातो. त्यांच्या पोटाखाली सपाट पत्रा असतो आणि टायर मोठे असतात, म्हणून ती लांबी त्यांना सोसते.

दुसरा दोष निलंबनाचा. पिकअपच्या मागील बाजूचे पाटे भरल्या हौद्याचे वजन पेलण्यासाठी बनवलेले असतात. हौदा रिकामा असताना ते इतके ताठ राहतात की एक चाक शिळेवर चढले की दुसरे हवेत लोंबकळते. हवेतील चाक काहीच ओढत नाही. पाट्यांच्या थराथरातून एकदोन पाटे काढून टाकले की लवचिकता वाढते. पण मग जोर दिल्यावर ॲक्सल पिळवटतो, पाटा इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा वाकतो आणि मागील शाफ्टचे सांधे निखळतात. भार वाहण्याचे सामर्थ्यही अर्थातच जाते.

निलंबनाची लवचिकता मोजण्यासाठी २० अंशांच्या कललेल्या फळीची चाचणी रूढ आहे. पुढचे एक चाक फळीवर चढवीत नेऊन दुसरे कोणतेही चाक जमीन सोडण्याआधी वाहन फळीवर किती अंतर चढले ते मोजतात. त्या अंतराला व्हीलबेसने भागून हजाराने गुणतात. व्हीलबेसइतके अंतर चढले तर अंक १,००० येतो. या अंकाला छंदिष्टांमध्ये अवास्तव महत्त्व मिळाले आहे. फळीवर उत्तम अंक मिळवणारे वाहन आडव्या उतारावर डळमळीत असू शकते, कारण जे निलंबन सहज लवते ते सहज कलतेही.

पुढील ॲक्सलचा प्रश्न

अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटा पिकअपला १९८५ पर्यंत पुढील बाजूस अखंड ॲक्सल होता. १९८६ पासून तेथे स्वतंत्र निलंबन आले. रस्त्यावर ते अधिक सुखद असते, कारण एका चाकाचा धक्का दुसऱ्याला पोहोचत नाही. खडकांवर हाच गुण अडचणीचा ठरतो. अखंड ॲक्सलमध्ये एक चाक वर ढकलले गेले की दुसरे आपोआप खाली दाबले जाते आणि जमिनीला टेकून राहते. शिवाय ॲक्सल चाकांबरोबरच वर उचलला जात असल्याने डिफरेन्शियलखालील उंची कायम राहते. स्वतंत्र निलंबनात चाके दबली की वाहनाचे पोट आणि डिफरेन्शियल खडकाजवळ येते.

या कारणाने १९८६ नंतरच्या पिकअपमध्ये पुढचे स्वतंत्र निलंबन कापून अखंड ॲक्सल बसवण्याचा फेरबदल फार लोकप्रिय झाला. फेरबदलांच्या मार्गावरील हा पहिला मोठा टप्पा मानता येईल. यात सांगाड्याला नव्याने कंस वेल्ड करावे लागतात, स्टिअरिंगची रचना बदलते आणि वाहन पूर्ववत करणे जवळजवळ अशक्य होते. येथपर्यंत आलेल्या मालकाने एक प्रकारे बग्गीच्या दिशेने पाऊल टाकलेले असते, मग त्याला ते जाणवो वा न जाणवो.

फेरबदलांची साखळी

पिकअपमधील फेरबदल क्वचितच सुटे राहतात. एक बदल दुसऱ्याला ओढून आणतो. सुरुवात बहुधा टायरपासून होते, कारण ॲक्सलखालील उंची वाढवण्याचा तोच एक सरळ उपाय आहे. निलंबन कितीही उचलले तरी डिफरेन्शियल चाकाच्या मध्याशी बांधलेला राहतो. त्याची उंची टायरच्या त्रिज्येनेच वाढते.

समजा मूळ २८.५ इंचांच्या टायरऐवजी ३७ इंचांचे टायर बसवले. ते बसण्यासाठी निलंबन उचलावे लागते व चाकांवरील पत्रा कापावा लागतो. त्रिज्या ३० टक्क्यांनी वाढल्यामुळे इंजिनाला चाक फिरवणे तेवढेच जड होते. म्हणून डिफरेन्शियलमधील दाते बदलावे लागतात. शिळेत अडकलेले चाक फिरवताना ॲक्सलच्या दांड्यावर येणारा पीळही त्याच प्रमाणात वाढतो. जुन्या टोयोटाच्या पुढील ॲक्सलमधील बर्फील्ड सांधा या पिळाखाली, विशेषतः स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना, फुटतो. मग अधिक मजबूत सांधे व दांडे येतात. जड टायर वळवताना स्टिअरिंगचा गिअरबॉक्स कण्हू लागतो, म्हणून त्याला द्रवचलित साहाय्य जोडले जाते. ब्रेक अपुरे पडतात. वजन वाढते. वाढलेल्या वजनाखाली पुन्हा दांडे तुटू लागतात.

या साखळीला व्यवहारात एक विराम असतो आणि तो ॲक्सलच्या आकाराने ठरतो. टोयोटाचे मूळ ॲक्सल चांगले दांडे घातल्यास ३५ इंचांपर्यंतचे टायर पेलतात, डाना ४४ जातीचे ॲक्सल त्याहून थोडे पुढे जातात आणि ३८ ते ४२ इंचांसाठी डाना ६० किंवा जनरल मोटर्सच्या जड पिकअपमधील ‘१४-बोल्ट’ ॲक्सल लागतात, असा या क्षेत्रातील सर्वसाधारण संकेत आहे. वाहनाचे वजन, इंजिनाचा जोर आणि चालकाच्या उजव्या पायाची सवय यांनुसार त्यात फरक पडतो. शेवटच्या घटकाचा प्रभाव सर्वांत मोठा असतो: हवेत उसळून वेगाने फिरणारे चाक अचानक खडकाला टेकले की जो धक्का बसतो, त्यापुढे कोणतेही गणित टिकत नाही.

या विरामाच्या अलीकडे थांबलेला पिकअप बरीच वर्षे समाधानाने चालतो. पलीकडे गेलेल्या वाहनात मूळ पिकअपचे फारसे काही उरत नाही आणि एकूण खर्च अनेकदा आरंभापासून बग्गी बांधण्याइतका किंवा त्याहून अधिक होतो, कारण मधल्या टप्प्यांतील भाग विकत घेऊन, बसवून, पुन्हा काढून टाकलेले असतात.

रांगण्याचे प्रमाण

खडकांवर वाहन माणसाच्या चालीहूनही मंद चालावे लागते आणि तरीही इंजिन बंद पडता कामा नये. यासाठी पहिला गिअर, ट्रान्स्फर केसची खालची पातळी आणि डिफरेन्शियल यांच्या प्रमाणांचा गुणाकार महत्त्वाचा ठरतो. १९८० च्या दशकातील टोयोटा पिकअपमध्ये तो साधारण ३.९५ × २.२८ × ४.१०, म्हणजे सुमारे ३७ येतो. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असताना ३५ इंचांच्या टायरवर ही गाडी ताशी साडेतीन किलोमीटरच्या आसपास चालते. रस्त्याच्या हिशेबाने हे मंद असले तरी गुडघाभर शिळेवरून खाली उतरताना ते वेगवान वाटते. चालकाला सतत क्लच व ब्रेक वापरावे लागतात.

ट्रान्स्फर केसमधील दाते बदलून २.२८ ऐवजी ४.७ आणि डिफरेन्शियलमध्ये ५.२९ केल्यास हाच गुणाकार ९८ पर्यंत जातो व तेवढ्याच फेऱ्यांवर वेग ताशी दीड किलोमीटरच्या खाली येतो. एकामागे एक दोन ट्रान्स्फर केस जोडण्याची युक्तीही टोयोटाच्या पिकअपवर फार रूढ झाली. मूळ केस दाते-जोडणीची, आटोपशीर व मजबूत असल्याने ती तेथे सहज साधते. खर्च आणि परिणाम यांचा विचार करता हा फेरबदल टायर व लॉकिंग डिफरेन्शियल यांच्या बरोबरीने सर्वांत मोलाचा समजला जातो, कारण त्याने वाहनाची उंची वाढत नाही, रस्त्यावरील वर्तन बिघडत नाही आणि मूळ ॲक्सलवर धक्के कमी येतात. मंद चालणारे वाहन कमी मोडते. कारखान्यातूनच ही सोय देण्याचा ठळक प्रयत्न म्हणजे जीपने २००३ सालच्या रँग्लर रुबिकॉनमध्ये दिलेली ४:१ प्रमाणाची ट्रान्स्फर केस होय.

उंची आणि स्थैर्य

निलंबन उचलण्याचा मोह सर्वांत व्यापक आणि सर्वांत धोक्याचा आहे. आडव्या उतारावर वाहन किती अंशांवर उलटेल हे दोन चाकांमधील रुंदी आणि गुरुत्वमध्याची उंची यांवर ठरते. रुंदी १४५ सेंटिमीटर व गुरुत्वमध्य ७५ सेंटिमीटरवर असेल तर स्थिर वाहन सुमारे ४४ अंशांपर्यंत तग धरते. तेच शरीर १५ सेंटिमीटर उचलले की ही मर्यादा ३९ अंशांवर येते. निलंबनाचा कल धरल्यास प्रत्यक्षात त्याहूनही कमी. महामार्गावर अचानक वळण घ्यावे लागले तर हाच फरक जीवघेणा ठरू शकतो. म्हणून अनुभवी बांधणीकार निलंबन कमीत कमी उचलून पत्रा अधिक कापतात, चाकांमधील रुंदी वाढवतात आणि जड वस्तू खाली घेतात. जाड ॲक्सलचे वजन या बाबतीत उपकारकच ठरते, कारण ते चाकांच्या पातळीवर असते.

पिकअपची केबिन उलटण्याचा भार पेलण्यासाठी बनलेली नसते. छताचे खांब दबले की आतील जागा नाहीशी होते. केबिनच्या आत किंवा भोवती नळ्यांचा पिंजरा बसवता येतो. मात्र तो नुसत्या पत्र्याला न जोडता सांगाड्याशी जोडणे आवश्यक असते. आतील पिंजऱ्याचा आणखी एक धोका रस्त्यावर जाणवतो: हेल्मेट न घालता साध्या प्रवासात बसलेल्या माणसाचे डोके लहान अपघातातही नळीवर आपटू शकते. खडकांवर जीव वाचवणारी वस्तू रस्त्यावर इजा करते. दुहेरी उपयोगाच्या वाहनात अशा तडजोडी पावलोपावली येतात.

स्वतंत्र रॉक क्रॉलर

बग्गीच्या बांधणीत विचारांचा क्रम उलटा असतो. आधी टायर, ॲक्सल आणि व्हीलबेस ठरतात. मग इंजिन व गिअरबॉक्स शक्य तितके खाली आणि आत ठेवले जातात. चालकाची जागा निश्चित होते आणि शेवटी या सर्वांभोवती नळ्या वाकवून सांगाडा उभा राहतो. पिकअपमध्ये अस्तित्वात असलेल्या गोष्टीला वळसा घालावा लागतो. बग्गीत वळसा घालण्यासारखे काही नसते.

सांगाड्यासाठी साधारणतः पावणेदोन इंच, म्हणजे सुमारे ४४ मिलिमीटर व्यासाच्या आणि ३ मिलिमीटर जाडीच्या नळ्या वापरतात. सौम्य पोलादाची ओढीव नळी सर्वांत प्रचलित आहे. क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद अधिक बळकट असते, पण त्याचे वेल्डिंग अधिक काळजीपूर्वक करावे लागते. निलंबनात पाट्यांऐवजी प्रत्येक ॲक्सलला चार दांड्यांची जोडणी आणि स्प्रिंगसह शॉक ॲब्सॉर्बर असतात. ॲक्सल कोणत्या वक्ररेषेत हलेल आणि जोर दिल्यावर वाहनाचा मागील भाग किती दबेल किंवा उचलेल, हे या दांड्यांच्या कोनांवरून आधीच ठरवता येते.

वजनाची वाटणी हा बग्गीचा सर्वांत मोठा लाभ होय. चढावर वजन आपोआप मागे सरकते. म्हणून सपाटीवर ते थोडे पुढे ठेवले जाते, जेणेकरून चढावर चारही चाकांवर भार राहील. रिकाम्या पिकअपचेही वजन पुढे असते, पण ते उंचावर असते आणि उतारावर त्याची मागील चाके फारच हलकी होतात. याखेरीज मागील चाकेही वळवण्याची सोय, एका बाजूचे चाक रोखणारा स्वतंत्र ब्रेक, आणि चढावर पुढील निलंबन खाली खेचून धरणारी छोटी विंच अशा युक्त्या बग्गीत सहज सामावतात. काही बांधणीकार उनिमॉग ट्रकसारखे पोर्टल ॲक्सल वापरतात. त्यांत ॲक्सलची नळी चाकाच्या मध्यापेक्षा वर असते, त्यामुळे टायर न वाढवता पोटाखाली जागा मिळते.

टायरमधील हवेचा दाब ही लहान वाटणारी बाब दोन्ही मार्गांचा भेद चांगला दाखवते. रस्त्यावर ३० पीएसआयच्या आसपास ठेवला जाणारा दाब खडकांवर १० पीएसआयच्या खाली आणतात, म्हणजे रबर शिळेला कवेत घेते. एवढ्या कमी दाबात टायर रिमवरून निसटू नये यासाठी त्याची कड कड्याने आवळणारे बीडलॉक रिम लागतात. बग्गीचा मालक टायर दिवसभर तसेच ठेवतो. पिकअपच्या मालकाला संध्याकाळी घरी निघण्यापूर्वी चारही टायरमध्ये पुन्हा हवा भरावी लागते, म्हणून त्याच्या वाहनात कॉम्प्रेसर असतो. त्याचबरोबर सुटे चाक, हत्यारे, जादा दांडे आणि पाण्याची पिंपे. हे सारे ओझे घेऊनच तो चढतो.

बग्गीचे तोटे खडकांच्या बाहेर सुरू होतात. तिला काच, दारे, दिवे, पाऊस-वाऱ्यापासून आडोसा बहुधा नसतो. पूर्णतः द्रवचलित स्टिअरिंगमध्ये चालकाचे चक्र आणि पुढची चाके यांच्यात कोणतीही यांत्रिक जोडणी नसते. नळी फुटली तर वाहन वळतच नाही. ताशी तीन किलोमीटरवर ही गैरसोय असते, ताशी ८० वर ते संकट होते. त्यामुळे बग्गी ट्रेलरवर न्यावी लागते. ट्रेलर ओढण्यासाठी सक्षम वाहन लागते आणि ते वाहन बहुतेकदा पिकअपच असते. निवड ‘पिकअप की बग्गी’ अशी मांडली जात असली तरी प्रत्यक्षात ती अनेकदा ‘एक पिकअप’ की ‘एक पिकअप, एक ट्रेलर आणि एक बग्गी’ अशी असते. ही तीनही ठेवायला जागाही हवी.

दुसरीकडे, खडकांत बग्गी मोडली तर ती ट्रेलरवर चढवून मालक आपल्या धड वाहनाने घरी जातो. एकमेव पिकअप मोडला तर तो रानात अडकतो आणि सोमवारी कामावर जाण्याचे साधनही जाते. रोजच्या वापराच्या वाहनाने खडक चढणारा चालक म्हणूनच बरेच अडथळे सोडून देतो. अडथळा सोडून देता येणे हेही कौशल्यच आहे. पण आपल्या वाहनाला जे जमते ते करण्याची भीती वाटू लागली, की मालक वेगळ्या वाहनाचा विचार करू लागतो.

ट्रगी

पिकअप आणि बग्गी यांच्यामधल्या प्रकाराला ट्रक व बग्गी या शब्दांच्या संयोगातून ट्रगी हे नाव मिळाले. यात मूळ सांगाड्याचा पुढील भाग, इंजिन आणि केबिन ठेवून केबिनच्या मागचा सांगाडा कापला जातो आणि तेथे नळ्यांची चौकट बसवली जाते. हौदा पूर्णपणे नाहीसा होतो. मागील कोन व वजन दोन्ही सुधारतात. नळ्या वाकवण्याचे यंत्र व वेल्डिंगचा सराव असलेल्या, पण संपूर्ण सांगाडा आखण्याचा अनुभव नसलेल्या व्यक्तीस हा मार्ग सोयीचा असतो, कारण इंजिन, स्टिअरिंग व पेडल यांच्या जागा कारखान्यानेच ठरवलेल्या असतात. रस्त्यावरील नोंदणी टिकते की नाही हे त्या त्या राज्याच्या नियमांवर अवलंबून राहते.

कायदेशीर बाजू आणि भारत

अमेरिकेत केवळ रानात चालवण्याच्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी अनेक राज्यांत उपलब्ध आहे. कॅलिफोर्नियात अशा वाहनांवर विशेष स्टिकर लावले जाते आणि जॉन्सन व्हॅलीसारख्या सार्वजनिक जमिनीवरील राखीव क्षेत्रात ती कायदेशीरपणे चालवता येतात. बग्गीचा मार्ग तेथे व्यवहार्य ठरण्यामागे खडकांइतकीच ही व्यवस्थाही कारणीभूत आहे.

भारतातील परिस्थिती निराळी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ निर्मात्याच्या विनिर्देशांहून भिन्न होतील असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने जोडलेल्या कलम १८२अ नुसार, नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. त्यामुळे मोठे टायर, उचललेले निलंबन किंवा बदललेले ॲक्सल असलेला पिकअप रस्त्यावर आणणे ही जोखीम ठरते. अशा वाहनाला अपघात झाल्यास विम्याचा दावाही वादात सापडू शकतो.

घरी बांधलेल्या बग्गीला रस्त्याची नोंदणी मिळणे त्याहून अवघड आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार वाहनाच्या नमुन्याची पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या अधिकृत संस्थेकडून चाचणी व्हावी लागते. ही प्रक्रिया निर्मात्यांसाठी आखलेली आहे, एकट्यादुकट्या छंदिष्टासाठी नव्हे. परिणामी, अमेरिकेत सोयीचा वाटणारा फेरबदल केलेला पिकअप भारतात कायद्याच्या दृष्टीने अधिक नाजूक असतो, तर ट्रेलरवरून खासगी जागेत किंवा स्पर्धेच्या मैदानात नेली जाणारी बग्गी रस्त्याच्या नियमांपासून दूर राहते.

टोयोटा पिकअपने अमेरिकेत जी भूमिका बजावली, तिच्याशी भारतात मारुती जिप्सीची तुलना करता येते. १९८५ मध्ये आलेल्या या हलक्या वाहनाला वेगळा सांगाडा, दोन्ही बाजूंस अखंड ॲक्सल व पाटे होते. उत्पादन थांबल्यानंतरही स्पर्धकांत तिला मागणी राहिली. २०२० साली आलेल्या महिंद्रा थारचा व्हीलबेस २४५ सेंटिमीटर इतका आखूड आहे, मात्र तिच्या पुढील बाजूस स्वतंत्र निलंबन आहे. १९८६ च्या टोयोटापुढे जो प्रश्न होता तोच तिच्या मालकापुढे येतो. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात होणाऱ्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडिया’ या मूळच्या मलेशियन स्पर्धेत ही दोन्ही वाहने दिसतात. तेथील आव्हान मुख्यतः चिखल, ओढे आणि विंचचा वापर यांचे असते, त्यामुळे खडकांसाठी योग्य असलेला अतिमंद गिअर तेथे दर वेळी उपयोगी पडत नाही. लाल चिखलातून बाहेर पडायला चाक वेगाने फिरावे लागते.